अर्धा इंच

१

रविवारी सकाळी सव्वादहाला एमेट रस्कची रायफल फुटली आणि तिच्यामागे बसलेला क्लाइड ट्वेट जागच्या जागी गेला. त्याने झाडलेली ती पहिलीच गोळी होती.

सेज फोर्कच्या नेमबाजीच्या मैदानावर त्या वेळी आठ-नऊ माणसं होती. एल्कच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या सांबराच्या, शिकारीला दोन आठवडे राहिले की मॉन्टानातला प्रत्येक शहाणा माणूस आपली रायफल नेमावर आहे ना हे बघून घेतो. जो बघत नाही, तो पुढे वर्षभर 'थोडक्यात हुकला' म्हणून सांगत बसतो. क्लाइडची थोरली बहीण मार्लिस क्लबच्या लाकडी खोलीत सगळ्यांसाठी कॉफी करत होती. ती सव्वीस वर्षं डेप्युटी शेरीफ होती, आता निवृत्त होऊन क्लबची चिटणीस झाली होती. आवाज ऐकला तेव्हाच तिला कळलं की ही गोळी सुटलेली नाही. ती बाहेर धावली. कुणीतरी तिला अडवायला हात पसरले, पण तिला अडवणं त्या गावात आजवर कुणाला जमलं नव्हतं.

रायफल एमेटची होती आणि काडतुसंही एमेटने घरी भरलेली. शुक्रवारीच तो बिलिंग्जच्या इस्पितळातून मोतीबिंदू काढून आला होता, नेमाच्या डोळ्यावर पट्टी होती. म्हणून त्याने क्लाइडला म्हटलं होतं, "यंदा माझ्या रायफलचा नेम तू बघून दे." चाळीस वर्षांची मैत्री, त्यात नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

शेरीफ पीट ऑसबर्ग आला तेव्हा एमेट बाकावर बसला होता. बहात्तर वर्षांचा उंच माणूस, एका तासात अर्धा झाला होता.

"पीट, लिहून घे," तो म्हणाला. "काडतुसं मी भरली. दारूचा चुकीचा डबा उचलला. पट्टीमुळे दिसलं नाही. दुसऱ्या कुणाचा यात काही संबंध नाही."

पीटने लिहून घेतलं. असा जबाब जिल्ह्याच्या सरकारी वकिलाकडे गेला की निष्काळजीपणाने माणूस मारल्याचा खटला होणार, हे तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं. वकील पुढच्या सोमवारी येणार होता.

मार्लिस भावाच्या अंगावर घातलेल्या घोंगडीकडे बघत होती, पण कान जुन्या सवयीचे होते. दुसऱ्या कुणाचं नाव अजून कुणी घेतलंसुद्धा नव्हतं. मग एमेटला ते वाक्य बोलायची गरज का पडली?

२

गुरुवारी क्लाइडला पुरलं. चर्चच्या तळघरात हॅम सँडविच आणि कॉफी झाली. लोक हळू आवाजात एमेटबद्दल बोलत होते. काहींना त्याची कीव येत होती, काहींना राग. एकाने म्हटलं, "लायल क्योसला विचारा की. क्लाइडशी त्याचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. गेल्या आठवड्यात, बुधवारी, त्याची गाडी एमेटच्या दाराशी उभी होती, मी पाहिली."

शुक्रवारी सकाळी मार्लिस एमेटच्या घरी गेली. तो ओसरीत बसला होता, तिला बघून उठला नाही.

"तुझी काडतुसांची शेड बघायची आहे," ती म्हणाली.

"कशाला? मी सांगितलंय सगळं."

"तू चुकीचा डबा उचललास, हे मला पटत नाही. दुधाने तोंड पोळलं नसताना ताक फुंकून पिणारा माणूस तू."

"म्हातारा झालो, मार्लिस. सोडून दे. उगाच खणू नकोस. त्यात काही नाही तुझ्यासाठी." मग थोडं थांबून म्हणाला, "माझं ऐक एवढं."

ती शेडकडे चालू लागली. त्याने पुन्हा अडवलं नाही.

या मुलखात काडतुसं घरी भरणं हा अर्धा छंद, अर्धा धर्म. उडवलेल्या काडतुसाचं पितळ गोळा करायचं, बुडात नवी टिकली बसवायची, दारू मोजून घालायची आणि वर गोळी दाबायची. ज्याच्याकडे पाच रायफली आहेत त्याला फार डोकं चालवावं लागत नाही, ज्या त्या कामाला जी ती रायफल. एमेटकडे मात्र एकच होती, बापाची. शरद ऋतूत एल्क आणि उन्हाळ्यात कागदी लक्ष्याच्या स्पर्धा, दोन्ही तिनेच. तेव्हा फरक काडतुसात. एल्कसाठी जड गोळी आणि सावकाश जळणारी दारू, कागदासाठी हलकी गोळी आणि झटक्यात जळणारी. सावकाश दारूचा डबा हिरव्या चिठ्ठीचा, झटपट दारूचा लाल चिठ्ठीचा. बाकी डबे सारखेच काळे. हिरव्या दारूचं माप मोठं असतं. त्या मापाने लाल दारू भरली तर रायफलच्या पोलादाला ते सोसत नाही.

म्हणूनच टेबलाच्या वर भिंतीवर एमेटने ब्रशने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'टेबलावर एकच डबा.' वरून भरलेली दारू खालून मोजून सोडणारं मापयंत्र टेबलावरच असतं; त्याच्या नळकांड्यात जी दारू, तिचाच डबा टेबलावर. बाकी सगळे फळीवर. मार्लिस आणि क्लाइड दोघंही काडतुसं भरायला इथेच शिकले होते. शिकताना क्लाइडने एकदा दोन डबे ठेवले, तेव्हा एमेटने त्याला महिनाभर शेडमध्ये पाऊल टाकू दिलं नव्हतं.

शेड होती तशीच होती. गेल्याच्या गेल्या बुधवारी, एमेट बिलिंग्जला असताना, ती इथे येऊन गेली होती. एमेटची बायको नोला हिच्यासाठी चोकचेरीचा जाम आणला होता, उन्हाळ्यात दुकानात माल नव्हता तेव्हा उसना नेलेला डबाही परत करायचा होता. नोला चर्चमध्ये होती, म्हणून सगळं ठेवून ती घाईने निघाली होती. त्या वेळी क्लाइड जिवंत होता. एमेटला बिलिंग्जला तोच घेऊन गेला होता.

कोपऱ्यातलं स्टूल ओढून तिने फळीवरून एमेटची वही काढली. तीस वर्षांचा हिशेब होता तो: कुठली गोळी, कुठली दारू, हवा कशी होती, कागदावर पाच भोकं किती जवळ पडली. तीन वर्षांपूर्वीच्या एका पानावर दोन कागद टाचले होते. त्या वर्षी एमेटने दोन्ही कामांना एकच दारू चालते का हे बघितलं होतं. चालत होती. हिरवीनेही हलकी गोळी नीट जात होती, फक्त कागदावरची भोकं अर्धा इंच जास्त पसरत होती. खाली एमेटच्या अक्षरात लिहिलं होतं: 'क्लाइड म्हणतो, एकच ठेव. मार्लिस म्हणते, दोन ठेव. दोनच ठेवतो.'

तिला तो दिवस आठवला. क्लाइड म्हणाला होता, "म्हाताऱ्या, एकच डबा घे आणि सुखाने राहा. एल्क काही मोजपट्टी घेऊन उभा राहात नाही." आणि ती हसून म्हणाली होती, "याचं ऐकू नकोस. अर्धा इंच म्हणजे अर्धा इंच. पदक हवंय ना?"

वही मिटून तिने परत ठेवली. मग टेबलापाशी आली आणि मापयंत्र बघितलं. नळकांडं रिकामं, पुसून लख्ख. पण एमेटने काडतुसं शनिवारी भरली होती आणि उरलेली एकोणीस शेरीफच्या कपाटात बंद होती. जे काही सांगायचं ते आता ती काडतुसंच सांगणार होती.

३

"प्रयोगशाळा म्हणते तीन आठवडे लागतील," पीट म्हणाला. तो तिच्याच हाताखाली शिकला होता, अजून तिला अहो-जाहो करायचा. "आणि तुम्ही मयताची बहीण, मार्लिसबाई. मी तुम्हाला हात लावू देणं बरं दिसत नाही."

"तू समोर बस. हात मी लावते, डोळे तू लाव. सोमवारी त्या म्हाताऱ्याला कोर्टात उभं करण्याआधी एवढं तरी कर."

पीटने दार लावून घेतलं.

एमेटची एक सवय सगळ्यांना माहीत होती. भरलेलं काडतूस तो डाव्या वरच्या कोपऱ्यापासून पेटीत लावायचा आणि वापरायलाही तिथूनच घ्यायचा. म्हणजे क्लाइडने उडवलं ते पहिलं, आणि त्याच्या शेजारचं दुसरं. मार्लिसने कचेरीतले कागदी कॉफीकप एका ओळीत मांडले, एकोणीस. प्रत्येकावर पेनाने आकडा टाकला, दोनपासून वीसपर्यंत. मग एकेका काडतुसाची गोळी उपसून आतली दारू त्या त्या कपात ओतली.

दोन्ही दारू दिसायला पेन्सिलीच्या शिशाचे बारीक तुकडे असावेत तशा. लाल डब्यातले तुकडे आखूड, हिरव्यातले लांब. दोन्ही डोळे चांगले असलेल्याला जवळून बघितल्यावर कळतं. पट्टी बांधलेल्याला कळणार नाही.

"हा बघ दुसरा कप," ती म्हणाली. "काय दिसतं?"

"आखूड. सगळे आखूड. म्हणजे लालच. एमेट खरं बोलला."

"घाई करू नकोस. सहावा बघ."

पीट वाकला. "आखूड."

"नववा?"

त्याने कप दिव्याखाली धरला. "मिसळ आहे. थोडे लांब."

"बारावा?"

"लांब जास्त." आता तो स्वतःच पुढे गेला, एकेक कप उचलत. "पंधरा, जवळजवळ सगळे लांब. अठरा, एकोणीस, वीस, नुसते लांब. बाई, हे काय आहे?"

मार्लिस खुर्चीत बसली. तिच्या भावाच्या वाट्याला पहिलं काडतूस आलं होतं. शेवटच्या पाचांतलं एखादं आलं असतं तर तो आज तिच्याकडे जेवायला असता.

"चुकीचा डबा उचलला असता तर वीसही आखूड निघाले असते," ती म्हणाली. "कुणी मुद्दाम डब्यात भेसळ केली असती तर सगळ्या कपांत सारखी मिसळ असती. इथे आधी शुद्ध लाल, मग हळूहळू हिरवी. याचा एकच अर्थ. नळकांड्यात तळाशी लाल दारू आधीच होती आणि एमेटने तिच्यावर हिरवी ओतली. दारू खालून पडते. खालची आधी संपली."

"म्हणजे तो विसरला, नळकांड्यात काय आहे ते."

"विसरला असेल. पण विसरलं तरी चुकू नये म्हणूनच टेबलावर डबा असतो. नळकांड्यात लाल होती, तर टेबलावर लाल डबा हवा होता. तो बघून एमेटने नळकांडं रिकामं केलं असतं." तिने बोटाने टेबलावर टकटक केली. "शनिवारी त्या टेबलावर हिरवा होता. कुणीतरी डबा बदलला, पीट. आणि कुणी ते एमेटला ठाऊक आहे. म्हणून तो खोटं बोलतोय."

४

लायल क्योसच्या दारात त्याचा कुत्रा भुंकला आणि पाठोपाठ लायलही.

"आलीस ना? वाटलंच होतं. गावातली सगळी बोटं माझ्याकडे."

"त्या बुधवारी तू एमेटच्या शेडमध्ये होतास."

"होतो." त्याने दार उघडं टाकलं आणि आत गेला. ती मागोमाग गेली. साठीचा ठेंगणा माणूस, घरात एकटा. टेबलावर एकच ताट, एकच कप. "बस. कॉफी सकाळची आहे."

"तुझं न् क्लाइडचं वैर सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे."

"वैर कसलं. ओढ्याकाठच्या शिकारीच्या तंबूच्या जागेवरून भांडलो होतो. आधी तो बोलेना, मग मी बोलेना. पुढे कशावरून भांडलो तेही नीट आठवेना, पण बोलायचं नाही एवढं मात्र दोघांनाही पाठ झालं होतं." त्याने कपाकडे बघितलं. "मी एमेटकडे गेलो होतो ते त्यासाठीच. म्हटलं, तो मध्ये पडला तर क्लाइड ऐकेल. यंदा एकत्र तंबू टाकू म्हणणार होतो. घरात कुणी नव्हतं. शेडचं दार उघडं दिसलं म्हणून डोकावलो. एमेट बिलिंग्जला आहे हे मला कुठे माहीत."

"हे पीटला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय? मेलेल्याशी समेट करायला गेलो होतो, यावर कुणाचा विश्वास बसणार होता?"

मार्लिसचा बसला. सव्वीस वर्षांत तिने पुष्कळ खोटं ऐकलं होतं, आणि खोटं बोलणारा माणूस स्वतःला इतकं लहान करून घेत नाही.

"आत काय दिसलं तुला? नीट आठव."

"काय दिसणार. यंत्र होतं, नळकांड्यात अर्ध्यापर्यंत दारू होती. तिथेच मला हसू आलं."

"हसू?"

"टेबलावर दोन डबे होते, मार्लिस. एक लाल, एक हिरवा, शेजारीशेजारी. आणि वर भिंतीवर ते त्याचं सुवचन. म्हटलं, म्हातारा सुटला शेवटी. क्लाइड भेटला की त्याला हे सांगायचं ठरवलं होतं. बोलायला सुरुवात करायला बरं पडलं असतं."

मार्लिसने आणखी विचारलं नाही. बुधवारी दुपारी दोन डबे. शनिवारी एक. मधल्या वेळात लाल डबा कुणीतरी उचलला होता, आणि त्या घरात मधल्या वेळात एकच माणूस होतं.

५

नोला रस्क स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. एमेट डोळ्याच्या डॉक्टरकडे गेला होता, शेजाऱ्याबरोबर.

"बरं झालं आलीस," ती म्हणाली. "तो घरात असला की मला बोलता येत नाही. तो काही खात नाही गं. रात्रभर छताकडे बघत पडतो."

"नोला, तो बिलिंग्जला असताना तू शेड आवरलीस का?"

नोलाचा हात थांबला. "गुरुवारी. का?"

"काय काय केलंस ते सांग. सगळं."

"काय करणार. मंगळवारी बिचाऱ्याला हातातलं काम टाकून जावं लागलं. इस्पितळातून फोन आला, एक रोगी गळला आहे, आजच या, नाहीतर थेट डिसेंबर. क्लाइड बाहेर हॉर्न वाजवत होता. एमेट स्पर्धेची काडतुसं भरत होता, तसाच उठला. नळकांडंसुद्धा रिकामं केलं नाही, एवढी घाई. गुरुवारी मी झाडू घेऊन गेले. टेबलावर पसारा होता. तुझ्या जामची बाटली आत आणली. आणि दोन डबे होते, ते त्याला चालत नाहीत ना, म्हणून एक उचलून फळीवर ठेवला. जरा आवरलं, एवढंच."

"कुठला ठेवलास फळीवर?"

"लाल. तो त्याचा जुनाच होता. हिरवा राहू दिला, त्याच्या नजरेस पडावा म्हणून." नोलाने तिच्याकडे बघितलं. "गंमत बघ, रविवारी मैदानावरून आल्यावर एमेटनेही मला हेच विचारलं. हेच, याच शब्दांत. मी सांगितलं तेव्हा तो खाली बसला. मग म्हणाला, यातलं मार्लिसला अक्षरही सांगू नकोस."

"मला?"

"मी म्हटलं, अरे, तिला का नाही? तर म्हणाला, तिला मुळीच नाही. बाकी कुणालाही सांगितलंस तरी चालेल."

खिडकीत जामची बाटली होती, अजून न उघडलेली. झाकणावर मार्लिसच्याच अक्षरात तारीख होती. ती त्या बाटलीकडे बघत राहिली. त्या बुधवारी एका हातात ती बाटली होती. दुसऱ्या हातात काय होतं?

फळी उंच होती. तिथवर पोहोचायला स्टूल ओढावं लागलं असतं. बाहेर गाडी सुरूच होती. तिने बाटली टेबलावर ठेवली आणि तिच्याशेजारी उन्हाळ्यात उसना नेलेला डबा ठेवला. हिरवी चिठ्ठी. नव्या मालातला, भरलेला, एमेटने दिला होता त्यापेक्षा जास्तच. टेबलावर लाल डबा आधीच होता. तिने तो बघितलाही असेल. पण उसनं परत केल्याच्या समाधानात माणूस कशाकडे बघतो?

दोन दिवस ती गावभर फिरली होती. लायलला विचारलं, नोलाला विचारलं, एकोणीस कप मांडले. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"नोला," ती म्हणाली, "तो हिरवा डबा मी ठेवला होता."

"ते माहीत आहे मला. तू आणून दिलास म्हणूनच तर तो टेबलावर राहू दिला." आणि मग, बोलता बोलता, नोलालाही कळलं. तिने सुरी खाली ठेवली.

६

एमेट परतला तेव्हा दोघी ओसरीत बसल्या होत्या. त्याची पट्टी निघाली होती. त्याने आधी बायकोकडे बघितलं, मग मार्लिसकडे, आणि जास्त विचारावं लागलं नाही.

"सोडून दे म्हटलं होतं तुला," तो म्हणाला.

"सोडून दे म्हणणाऱ्यांनाच मी सव्वीस वर्षं धरत आले."

तो तिच्याशेजारी बसला. समोर डोंगरांच्या माथ्यावर पहिलं बर्फ दिसत होतं. क्लाइड असता तर म्हणाला असता, यंदा एल्क लवकर खाली उतरणार.

"शनिवारी मी टेबलाशी उभा राहिलो," एमेट सावकाश सांगू लागला. "नळकांड्यात दारू दिसली. मला आठवेना की निघताना लाल होती का हिरवी. एल्कच्या काडतुसांकडे वळायचं मनात होतं, तेव्हा बदलली असेल असं वाटलं. मग डबा बघितला. हिरवा. म्हटलं, झालं तर. आठवणीवर विसंबायचं नाही, डब्यावर विसंबायचं, हे मीच तुम्हाला शिकवलं. वरून भर घातली आणि वीस भरली." तो थांबला. "नियम मोडला म्हणून तो गेला नाही. मी नियम पाळला म्हणून गेला. हे कसं सांगू कुणाला?"

"नियम मी मोडला."

"तू उसना डबा परत केलास. नोलाने घर आवरलं. मी नळकांडं भरलेलं ठेवून गेलो, ते आधी धर."

"मग खोटं का बोललास?"

"मला बहात्तर झाली. तुरुंगात काय नि इथे काय, काडतुसं भरायची नाहीतच आता. तुला मात्र उरलेलं आयुष्य त्या डब्याबरोबर काढावं लागलं असतं. म्हटलं, एकाचं वाटोळं झालंय, तेवढं पुरे."

मार्लिसला रडू आलं. भावाला पुरताना आलं नव्हतं. चाळीस वर्षांच्या ओळखीत एमेटने तिला रडताना पाहिलं नव्हतं आणि काय करावं हे त्याला सुचेना, म्हणून तो नुसता बसून राहिला. नोलाने उठून तिच्या खांद्यावर शाल टाकली.

"सोमवारी तिघंही जाऊ," डोळे पुसून मार्लिस म्हणाली. "तुझा जबाब फाडायचा आणि खरा लिहायचा. माझं नाव पहिलं."

सोमवारी शेरीफच्या कचेरीत वकिलासमोर तिघांनी आपापलं सांगितलं. मार्लिसने कप पुन्हा ओळीत मांडले आणि एकेक पायरी समजावली, जशी ती पूर्वी दुसऱ्यांच्या गुन्ह्यांची समजावत असे. लायलही न बोलावता आला, दोन डबे पाहिल्याचं सांगितलं आणि टोपी हातात धरून दाराशी उभा राहिला. वकिलाने एकेक कप उचलून बघितला.

"यात गुन्हा कुणाचा म्हणून लिहू?" पीटने विचारलं.

"कुणाचाच लिहिता येणार नाही," वकील म्हणाला. "अपघात लिहा."

मार्लिसला वाटलं होतं हा शब्द ऐकून बरं वाटेल. एमेटला कोर्टात जावं लागणार नव्हतं, एवढं खरंच बरं झालं. बाकी काही हललं नाही.

दुपारी ती एमेटबरोबर शेडमध्ये गेली. त्याने लाल डबा फळीवरून काढला, बाहेर नेला आणि मोकळ्या मातीवर दारूची लांब पातळ रेघ ओढली. दुरून पेटवली. भसकन जाळ झाला आणि संपला, आवाजही झाला नाही. उघड्यावर ती निरुपद्रवी असते.

आत येऊन त्याने वही काढली, ते पान उघडलं आणि तिच्यापुढे केलं. "तू लिही. मला अजून बारीक दिसत नाही."

दोन्ही कागद तिथेच टाचलेले होते, पाच भोकं इथे, पाच भोकं तिथे. मार्लिसने अंगठ्याचं नख दोहोंतल्या फरकावर ठेवलं. तेवढाच होता, नखाएवढा. क्लाइडने तेव्हाही भांडण केलं नव्हतं, नुसता हसला होता आणि म्हणाला होता, तुमची मर्जी.

तिने पेन घेतलं. 'क्लाइड म्हणतो, एकच ठेव. मार्लिस म्हणते, दोन ठेव. दोनच ठेवतो,' याच्याखाली तिने लिहिलं: 'क्लाइडचं बरोबर होतं.'

मग वही मिटून तिने टेबलावर ठेवली. दारापर्यंत गेली, थांबली, परत फिरली, कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, त्यावर चढली आणि वही फळीवर ठेवली.